केल्बरांच्या जमिनीतली चांदी

रोस्विथा आउगेनश्टाइन कोणाच्याही घरातून निघताना उंबऱ्यावर थांबते, एकेक पाऊल उचलून बुटाचा तळ पाहते आणि मगच बाहेर पडते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, वयाची सत्तरी उलटली, तरी ही सवय गेलेली नाही. नवख्या माणसाला वाटतं, हिच्या बुटाला काहीतरी लागलंय. जर्मनीतल्या फोर्त्सहाइम शहराच्या जुन्या माणसांना मात्र बघताक्षणी कळतं, की या बाईचं आयुष्य चांदीच्या कारखान्यात गेलंय.

कारखाना केल्बरांचा. नदीकडच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. तिथे दागिने होत नाहीत, चमचे होत नाहीत. तिथे टिकल्या होतात. लिफ्ट, पंप, मोठमोठी यंत्रं यांच्या स्विचमध्ये जिथे वीज जुळते आणि तुटते, नेमक्या त्या जागी बसणाऱ्या चांदीच्या टिकल्या. मुगाच्या दाण्यापेक्षा लहान. तांबं तिथे लवकर काळं पडतं, सोनं परवडत नाही. चांदी मात्र वर्षानुवर्षं निमूटपणे काम करते. एकदा स्विच बंद करून भिंतीवर चढवला की ती कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

रोस्विथा सोळाव्या वर्षी तिथे लागली ती टिकल्या तपासायच्या टेबलावर. पण दोन वर्षांतच तिला मोरलॉकबाईंच्या हाताखाली दिलं, आणि मोरलॉकबाई होत्या कारखान्याच्या झारेकरीण. करवतीतून, कानशीतून, यंत्राच्या दाबातून चांदीचा जो भुगा उडतो तो धुळीतून परत मिळवायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी प्रत्येकानं आपला एप्रन त्यांच्यासमोर झटकायचा. हात धुवायचे ते एका ठरावीक टबात, आणि त्या टबातलं पाणी मोरीत ओतायचं नाही; गाळ खाली बसू द्यायचा. कारखान्यातले बूट कारखान्यातच ठेवायचे. शुक्रवारी ओला लाकडी भुसा पसरून सगळी जमीन झाडायची. जमीन फळ्यांची होती, म्हणून झाडून झाल्यावर गुडघ्यावर बसून, टोक वाकवलेल्या विणकामाच्या सुईनं दोन फळ्यांमधली फट न् फट उकरायची. हे सगळं पोत्यांत भरून वर्षातून दोनदा शहराच्या टोकाला असलेल्या शुद्धीकरणाच्या कारखान्यात जायचं. त्याला सगळे नुसतं ‘भट्टी’ म्हणतात. भट्टीत पोती जाळायची, राख दळायची, तिच्यातली चांदी काढायची आणि ती दाण्यांच्या रूपानं केल्बरांना परत द्यायची.

मोरलॉकबाई गेल्यावर ती सुई रोस्विथाकडे आली. शहरातल्या इतर कारखान्यांत हे काम ज्याला दुसरं काही येत नाही त्याला देत. रोस्विथानं मात्र ते पंचेचाळीस वर्षं अशा नेटानं केलं, की धाकटे कामगार तिला ‘पोलीस’ म्हणायचे. यंत्रावर बसणारा एफिसिओ पिरास हा इटलीतल्या सार्डिनिया बेटाचा गडी. तो रोज हात वर करून तिच्यासमोर उभा राहायचा.

“झडती घ्या बाई. मिशीत पाव ग्रॅम असेल.”

“मिशी शुक्रवारी. आज एप्रन झटक.”

तिचा नवरा गेरोल्ट शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. त्यालाही चांदीचा नाद, पण वेगळ्या जातीचा. दर नाताळाच्या आधी तो एक किलोची एक लगड विकत घ्यायचा, घरी आणून कागदात गुंडाळायचा, कागदावर वर्ष लिहायचा आणि तळघरात मुरलेल्या आलुबुखाऱ्यांच्या बरण्यांमागे ठेवायचा. सगळी वर्षं जमलं नाही. छप्पर केलं त्या वर्षी नाही, मुलीच्या लग्नाच्या वर्षी नाही. तरी सतरा लगडी झाल्या होत्या. त्याच्या आजीनं एकोणीसशे तेवीस साली, नोटांची किंमत रोज कोसळत होती तेव्हा, वसंतात घर विकलं होतं, आणि शरद ऋतूत त्या पैशात एक पाव मिळत होता. कुटुंब तगलं ते सहा चांदीच्या चमच्यांवर. गेरोल्टनं ती आजी पाहिलेली होती. कागदाच्या नोटेला ती दोन बोटांनी धरायची, मेलेल्या उंदराला शेपटीनं धरावं तशी.

नवराबायकोत या विषयावर चाळीस वर्षं थट्टा चालू होती.

“चांदी कामाला लागावी,” रोस्विथा म्हणायची. “तुझी बसून पेन्शन खाते.”

“माझी चांदी खात नाही, पीत नाही आणि बोलतही नाही. या घरात तसं एवढं एकच माणूस आहे.”

“श्वाबी तो श्वाबीच.” नदीपलीकडच्या त्याच्या गावावर ती जायची. चिक्कूपणात श्वाबी लोकांचा हात कोणी धरत नाही, असं नदीअलीकडच्या बाडेन प्रांतातल्यांचं ठाम मत आहे.

निवृत्तीनंतरही रोस्विथा दर गुरुवारी दुपारी लोणी लावलेले ब्रेट्सेल पाव घेऊन कारखान्यात कॉफीला जायची. आता कारखाना आल्मुट केल्बर चालवत होती. म्हाताऱ्या केल्बरांची ही मुलगी. शाळा सुटली की रोस्विथाच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची, त्यामुळे रोस्विथा तिला अजून एकेरीतच बोलवायची. आता ती शेहेचाळीस वर्षांची होती, हाताखाली आठ माणसं होती, आणि मार्चमधल्या त्या गुरुवारी तिनं कॉफीला हात लावला नव्हता.

“आउगेनश्टाइनबाई, लिफ्टवाल्यांचं काम आलंय,” ती म्हणाली. “उत्तरेतले, मोठे. मे अखेर माल हवा. हे केलं तर पुढची तीन वर्षं तेच देणार.”

“मग तोंड असं का?”

“बत्तीस किलो चांदी लागते. आहे ती आणि विकत घेता येईल ती मिळून वीस होते. भाव वर्षात दुपटीच्या वर गेलाय. भट्टी पूर्वी आधी चांदी द्यायची, मग पैसे घ्यायची. आता म्हणतात, आधी सगळे पैसे ठेवा. बँकेत गेले, तर तो मुलगा मला विचारतो, ‘भाव उतरेपर्यंत थांबता नाही का येणार?’”

पलीकडून एफिसिओ ओरडला, “सांगायचं ना त्याला, तोपर्यंत लिफ्टमधल्या लोकांनाही थांबवून धर म्हणून!”

आल्मुटला हसू आलं, पण पुरतं नाही. “सगळ्या जगाला छपरावर चांदी हवी, सौरपट्ट्यांसाठी. आणि उरलेल्या जगाला ती तळघरात हवी, भाव वाढतोय म्हणून. आमच्यासारख्यांना कोण विचारतो? हे काम सोडलं तर वर्षअखेर कुलूप. एवढं सरळ आहे.”

तळघराचा उल्लेख झाला तशी रोस्विथानं आपल्या कपाकडे पाहिलं. मग तिनं पायाखाली पाहिलं. पासष्ट वर्षांच्या फळ्या, पाऊल पडून पडून मधोमध खोलगट झालेल्या.

“जमीन काढ,” ती म्हणाली.

एफिसिओनं यंत्र थांबवून वर पाहिलं. फोर्त्सहाइममध्ये जमीन काढतात ती कारखाना कायमचा बंद होताना. फळ्या उचलायच्या, भट्टीत जाळायच्या, आणि इतक्या वर्षांत त्यांत झिरपलेली चांदी घेऊन घरी जायचं. चालू कारखान्याची जमीन कोणी काढत नाही.

“बंद करताना काढायची ती,” आल्मुट म्हणाली. “पप्पा म्हणायचे, जमीन ही कारखान्याची शेवटची ठेव.”

“शेवट आलाय असं तूच म्हणालीस. मग शेवटानंतर काढण्यापेक्षा आधी काढ.”

“किती निघेल?”

रोस्विथाच्या डोळ्यासमोर पलीकडच्या गल्लीतले दोन कारखाने आले. एकाच्या जमिनीतून नऊ किलो निघाली होती, दुसऱ्याच्या चौदा. आणि दोन्ही केल्बरांपेक्षा लहान. आत गेलेली चांदी, बाहेर पडलेला माल आणि पोत्यांतून परत आलेले दाणे यांचा मेळ कधीच पुरा बसत नसे. दर वर्षी थोडी घट राहायचीच, आणि ती घट जाणार कुठे?

“दहा ते बारा किलो,” ती म्हणाली. “मी सांगते.”

‘मी सांगते’ हे शब्द तिनं या कारखान्यात फार वेळा उच्चारले नव्हते. एप्रन चाचपून कोणाच्या खिशात काय आहे ते सांगणारी बाई होती ती. आल्मुटनं दुसऱ्याच दिवशी लिफ्टवाल्यांना होकार कळवला.

ईस्टरच्या सुट्टीत जमीन निघाली. सगळे आपणहून आले. यंत्रं एका बाजूला सरकवली, एफिसिओनं पहारीनं पहिली फळी उचलली आणि छातीवर क्रुसाची खूण केली. निम्मं काम झाल्यावर दुसऱ्या निम्म्याकडे यंत्रं ढकलली. उघड्या तुळयांवर नवीन प्लायवूड ठोकलं. फळ्या, खिळे, खालची माती, सगळं पोत्यांत आणि खोक्यांत भरलं. रोस्विथा मधोमध स्टुलावर बसून हुकूम सोडत होती.

“तो खिळा टाकू नकोस.”

“बाई, लोखंडी आहे.”

“त्याच्या डोक्याखाली काय आहे ते तुला दिसतं का?”

“तुम्हाला दिसतं?”

“मला माहीत आहे.”

फळ्या गाडीत चढताना गल्लीनं पाहिल्या, आणि दुपारपर्यंत बातमी झाली. कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानात त्साखमानबाईंनी मांस तोलता तोलता आवाज खाली आणला.

“ऐकलं हो. फार वाईट वाटलं. केल्बरसुद्धा गेले म्हणायचं.”

“कुठे गेले? तिथेच आहेत.”

“जमीन निघाली म्हणे.”

“नवीन घातली. पाय घसरत होते.”

त्साखमानबाईंनी तिच्याकडे अपार करुणेनं पाहिलं आणि सॉसेजचा एक तुकडा जास्त टाकला. रोस्विथानं तो मुकाट्यानं घेतला. घरी येऊन तिनं गेरोल्टला सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. “उद्या बेकरीवाल्याकडेही जा,” तो म्हणाला. “दुखवट्याचा केक मिळेल.”

मग तीन आठवडे वाट पाहणं आलं. जाळणं, दळणं, नमुने काढणं, कस पाहणं. भट्टीला घाई चालत नाही. कारखान्यात होती ती वीस किलो चांदी आटून, तार ओढून, टिकल्या पडायला लागल्या होत्या. रोस्विथा बागेत कांद्याची रोपं लावत होती आणि मनात आकडा घोळवत होती. कधी दहा, कधी अकरा. एका रात्री जेवताना ती स्वतःशीच म्हणाली, “साडेअकरा.” गेरोल्टला वाटलं ती वेळ सांगतेय.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी ती रेवाचिनीचा केक घेऊन गेली, तर आल्मुट दारातच उभी होती. हातात भट्टीचा कागद. तिनं तो पुढे केला.

एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम.

रोस्विथानं कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का ते. मग पुन्हा पुढून वाचला.

“चुकले असतील. नमुना नीट घेतला नसेल.”

“मी फोन केला,” आल्मुट हळू म्हणाली. “भट्टीतल्या त्या पांढऱ्या दाढीवाल्या साहेबांनीच घेतला. ते म्हणाले, आम्हीही दोनदा पाहिलं. म्हणाले, चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी रिकामी जमीन पाहिली नाही. मला विचारत होते, तुमच्याकडे झाडायला कोण होतं?”

रोस्विथा खाली नव्या प्लायवूडकडे पाहत राहिली. तिला एकदम सगळं कळलं, आणि इतकं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. पलीकडच्या गल्लीतल्या त्या कारखान्यांत झाडायला जो तो मोकळा असेल तो यायचा. तिथली चांदी फटींत राहिली, साठली. इथली दर शुक्रवारी सुईनं उकरून निघत होती. पोत्यात जात होती, भट्टीत जात होती, दाणे होऊन परत येऊन, पुन्हा टिकल्या होऊन बाहेर पडत होती. दुसऱ्यांच्या जमिनी बघून तिनं स्वतःच्या जमिनीचा अंदाज केला. जिच्यावर सत्तेचाळीस वर्षं आपण होतो त्या जमिनीचा! आणि घट म्हणाल, तर ती भट्टीच्या धुरात गेली असेल, खिडकीबाहेर गेली असेल, देव जाणे.

“मी झाडत होते,” ती म्हणाली. “मी.”

एफिसिओ जवळ आला. त्यानं केकचं ताट तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं.

“मी तुला सांगितलं आणि तू काम घेतलंस,” रोस्विथा आल्मुटला म्हणाली.

“काम मी घेतलं. सही माझी आहे.”

“माझ्या शब्दावर.”

यावर आल्मुटनं खोटं काही म्हटलं नाही. लहानपणापासून रोस्विथासमोर खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “दोन आठवड्यांपुरती चांदी आहे,” ती म्हणाली. “मग यंत्र थांबेल. माल अर्धा पाठवता येत नाही. त्यांनी आधीच बजावलंय.”

बस घाट चढून त्यांच्या ब्युखेनब्रॉन गावी येईपर्यंत रोस्विथानं एकदाही बाहेर पाहिलं नाही. घरी गेरोल्ट मसूर ढवळत होता. रेडिओवर बाजारभाव चालू होते. तिनं रेडिओ बंद केला.

“अगं, चांदीचं येत होतं.”

“चांदीचंच सांगते, बस.”

तिनं सगळं सांगितलं, एकही आकडा न गाळता. पावणेअकरा किलो कमी पडते हे सांगितलं. नऊ माणसांचं सांगितलं. शेवटी म्हणाली, “मला तुझ्या अकरा लगडी हव्यात.”

गेरोल्टनं चमचा खाली ठेवला. “विकत?”

“उसन्या. वजनावर. अकरा किलो द्यायची, वर्षानं अकरा किलो घ्यायची. भाव वर जावो, खाली जावो, किलोला किलो. जुने लोक असंच करायचे.”

“आणि ती पोर बुडाली तर?”

“तर गेली. ते मी तुझ्यापासून लपवत नाही.”

“सतरातल्या अकरा, रोस्विथा.”

“मला मोजता येतं.”

“आपण म्हातारे झालोय. उद्या मी पडलो, तू पडलीस, तर देखभालीला बाई ठेवायला ते एवढंच आहे. मुलीपुढे हात पसरायचा नाही म्हणून ते आहे. चाळीस वर्षं तू मला हसलीस, मी हसू दिलं. पण ते हसण्यासाठी ठेवलेलं नाही.”

“माहीत आहे.”

“मग कसं मागतेस?”

“माझ्याजवळ दुसरं काही नाही म्हणून मागते,” ती म्हणाली. “माझ्याजवळ शब्द होता, तो दिला, आणि तो रिकामा निघाला.”

मसूर खाली लागला होता. दोघांनी तो तसाच खाल्ला. त्यानंतर दोन दिवस घरात बोलणं झालं ते कचऱ्याच्या डब्याचं आणि पावसाचं. तिनं विषय पुन्हा काढला नाही. शनिवारी तळघरात कागदांची सळसळ ऐकू आली, बराच वेळ.

सोमवारी सकाळी गेरोल्टनं बसच्या नोकरीतला निळा कोट चढवला.

“चल. मला तुझा कारखाना बघायचाय.”

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, पण तो कधी दुसऱ्या मजल्याच्या दाराच्या आत गेला नव्हता. बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही हा मोरलॉकबाईंचा नियम, आणि रोस्विथानं तो नवऱ्यासाठीही मोडला नव्हता. तो जिन्यातच उभा राहून शिट्टी वाजवायचा. आता तिनं दार उघडलं आणि त्याला आत घेतलं. एफिसिओनं दोघांकडे पाहिलं, काय ते ओळखलं आणि स्टूल पुसून यंत्राजवळ ठेवलं.

“बसा ड्रायव्हरसाहेब. तिकीट नाही.”

यंत्रात तार जात होती आणि टक टक टक करत टिकल्या पडत होत्या. एफिसिओनं एक उचलून गेरोल्टच्या तळहातावर ठेवली. ती तिथल्या सुरकुतीतच हरवली. गेरोल्टनं चष्मा कपाळावर चढवून ती शोधली.

“एवढीशी?”

“एवढीशी. एका किलोत दहा हजार होतात.”

“आणि ही चालते किती?”

“लिफ्ट दहा लाख वेळा वरखाली होईल, तेवढं हिचं वय. नंतर ती बदलायची आणि जुनी भट्टीत.”

“म्हणजे संपत नाही.”

“चांदी कुठे संपते? ही तुमच्या आजीच्या चमच्यातलीही असेल.”

आजीचं याला कोणी सांगितलं, असं गेरोल्टनं बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर पाहत होती. बाजूच्या खोलीतून आल्मुट आली आणि हात पुसत उभी राहिली. गेरोल्ट तिच्याशी नेहमी अदबीनं बोलायचा, आज जास्तच.

“केल्बरबाई, एक विचारू? मी तुम्हाला लगडी दिल्या, तर वर्षानं मला मिळतील त्या याच असतील का?”

रोस्विथानं मान वळवली. पैशाचं, भावाचं, सहीचं काहीतरी तो विचारील असं तिला वाटलं होतं.

“नाही,” आल्मुट म्हणाली. “वजन तेवढंच, कस तोच. पण त्या या नसतील. या तर तार होऊन गेल्या असतील.”

“प्रत्येकीवर वर्ष लिहिलंय हो मी. एक्याण्णवची आहे, मुलगी शाळेत गेली ते वर्ष. सत्त्याण्णवची आहे, हिचं ऑपरेशन झालं होतं, आम्ही घाबरलो होतो, तरी घेतली.” त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “भाव बघतो मी रोज, ते खरं. पण विकायला म्हणून कधी मन झालं नाही. हिला वाटतं मी श्वाबी आहे म्हणून.”

“तू श्वाबी आहेसच,” रोस्विथा म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. सत्त्याण्णव साली, ऑपरेशनच्या दुसऱ्या आठवड्यात, हा थंडीत बाहेर जाऊन ती लगड घेऊन आला होता, आणि ती अंथरुणातून त्याच्यावर चिडली होती. ती लगड त्यानं तिच्या काळजीपोटी घेतली हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं.

“तुम्हाला नको असेल तर मला वाईट वाटणार नाही,” आल्मुट म्हणाली. “खरंच सांगते. तुमच्याकडे मी मागितलेलं नाही.”

“हिनं मागितलंय,” गेरोल्ट म्हणाला. “सेहेचाळीस वर्षांत हिनं माझ्याकडे नवीन गाडी मागितली नाही. आणि हिची चूक काय? तर नीट झाडलं.” तो उठला. “कागद करू. ग्रॅममध्ये. पैशाचा आकडा घालायचा नाही त्यात.”

मंगळवारी मुलीच्या जुन्या बाबागाडीत घालून त्यांनी अकरा लगडी बसनं आणल्या. ड्रायव्हर गेरोल्टच्या हाताखाली शिकलेला होता. बाबागाडी चाकांना धरून उचलायला मदत करताना तो म्हणाला, “गेरोल्ट, बाळ फार जड आहे रे!” गेरोल्ट म्हणाला, “आईवर गेलंय.”

आल्मुटनं एकेक लगड तोलली, कागदावर ग्रॅम लिहिले, दोघांनी सह्या केल्या. कोणत्या अकरा आणायच्या हे गेरोल्टनं एकट्यानं ठरवलं होतं, आणि रोस्विथानं विचारलं नव्हतं. मूस तापून लाल झाली होती. एफिसिओनं लांब चिमट्यात पहिली लगड धरली आणि गेरोल्टकडे पाहिलं.

“कुठली आहे ही?”

“सत्त्याण्णवची.”

“ही मागे ठेवायची का?”

गेरोल्टनं बायकोकडे पाहिलं. ती मुशीपासून तीन पावलांवर, धडधाकट, ब्रेट्सेल हातात घेऊन उभी होती.

“हिची आता गरज नाही,” तो म्हणाला. “टाक.”

लगड मुशीत उतरली. आधी नुसतीच पडून राहिली, मग तिच्या कडा मऊ झाल्या, वरचा शिक्का पुसला गेला, आणि बघता बघता ती आत बसली. वर आरशासारखा पातळ, थरथरता पृष्ठभाग राहिला. गेरोल्ट पुढे वाकून बघत होता. इतकी वर्षं जी त्यानं कागदात गुंडाळून ठेवली ती हलते कशी, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

“चेहरा मागे घ्या साहेब,” एफिसिओ म्हणाला. “भुवया जळतील, मग बाई माझी झडती घेतील.”

दुपारपर्यंत अकराही आटल्या. पहिली तार ओढली जाऊ लागली तेव्हा आल्मुट खिडकीशी जाऊन लिफ्टवाल्यांना फोन करत होती. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून की काय, जरा मोठ्यानं बोलत होती.

“हो. पूर्ण माल. एकोणतीस तारखेला निघेल. नाही, नाही, कारखाना बंद वगैरे काही नाही. जमीन नवीन घातली, एवढंच.”

रोस्विथानं ब्रेट्सेल वाटले. गेरोल्ट स्टुलावरून उठायचं नाव घेईना. चारच्या बसला निघायचं असं ठरलं होतं. चारची बस गेली, पाचची गेली. शेवटी ती त्याच्या शेजारी येऊन बसली. यंत्र टक टक करत होतं, आणि तो ओठ हलवत टिकल्या मोजत होता.

“किती झाल्या?” तिनं विचारलं.

“बोलू नकोस, चुकेन,” गेरोल्ट म्हणाला.